गोड झालेली हरकत

…आणि वर मलाच विचारतात, "काका, एवढं सुंदर पत्रक लिहिलं कुणी हो?" अहो, सुंदर? दुकान गेलं माझं त्या पत्रकात! शटरसकट गेलं! दोर, सुतळी, ताडपत्रीचं, वडिलांनी थाटलेलं, बारा फूट खोल दुकान… आणि लोक म्हणतायत, भाषा काय ओघवती आहे!

हसा, हसा. तुमचं काय गेलंय? तुम्हाला सांगतो, आमची आळी खडकीच्या अलीकडे, जेमतेम रिक्षा जाईल एवढी. नोटीस आली, रस्ता रुंद करायचाय, दुकानांची नऊ-नऊ फूट जाणार. कुठल्या कचेरीतून आली ते विचारू नका, माझा एक दाखला अजून तिथे अडकलाय. बारातले नऊ गेले, राहिले तीन. त्या तिनात मी उभा राहू, गिऱ्हाइकाला उभं करू, की ताडपत्री उलगडून दाखवू? आणि आमच्या बायडाबाई, सुपं-केरसुण्या विकणाऱ्या, नवऱ्यामागे त्या दुकानावरच घर चालवणाऱ्या, त्यांचं तर दुकानच सात फूट! म्हणजे वरचे दोन फूट त्यांनी आणून द्यायचे कुठून?

नोटिशीत लिहिलं होतं, हरकत असेल तर लेखी द्या, सुनावणी ठेवू. मी बिलबुकाच्या पाठीवर लिहिलं, "आम्ही दुकानं सोडणार नाही. या रुंदीकरणाला आमची हरकत आहे." संपलं! शाळा माझी आठवीत सुटली, पण 'नाही'चं स्पेलिंग येतं मला. गेलो एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात. तिथल्या बाई कागदाकडे न बघताच म्हणाल्या, "काका, प्रेस नोट आता कोण वाचतं? सोशल मीडियावर टाका. विषय गाजला तर आम्ही येऊच मागून." मागून! बातमीच्या मागून बातमीदार! बरं.

घरी सून, श्रद्धा. खराडीला कंपनीत असते, गुणाची आहे. तिनं कागद पाहिला आणि म्हणाली, "बाबा, हे धमकीचं पत्र वाटतंय. रीच कशी मिळणार? एआयला देते." दिलं. आणि खोटं कशाला बोलू, पहिल्या फटक्यात त्यानं असं लिहिलं… 'नकाशावर ओढलेली एक रेघ, आणि तिच्याखाली आमची चूल.' माझ्याच अंगावर काटा आला. खाली 'निषेध', 'अन्याय', आणि माझं 'सोडणार नाही' जसंच्या तसं. तेवढंच टाकलं असतं ना…

पण नाही! आमच्या आळीची पद्धत आहे, चार जणांना दाखवल्याशिवाय कागद बाहेर जात नाही. आणि आमची जात व्यापाऱ्याची, कुणाला दुखवायचं नाही! अहो, माल संपला तरी आम्ही 'नाही' म्हणत नाही, 'उद्या येतोय' म्हणतो. दिवासुद्धा विझवत नाही, वाढवतो! जिभेला वळणच नाही हो त्या शब्दाचं.

बैठक भरली रावसाहेबांच्या बॅटरीच्या दुकानात. रावसाहेब म्हणजे आमच्या संघटनेचे अध्यक्ष, बोलतात असे, जणू बॅटरी उतरत आलीय. "हे… 'निषेध' जरा… टोचतंय. कचेरीतले मोठे साहेब दिवाळीला आवर्जून मेसेज पाठवतात. गोड करा." श्रद्धानं मोबाइलवर टाइप केलं. यंत्र काय म्हणालं? "नक्कीच! हा घ्या अधिक सौम्य मसुदा." अहो, तीस वर्षं मी नोकर ठेवले, एकही कधी 'नक्कीच' म्हणाला नाही! 'निषेध' गेला, तिथे 'नम्र भावना' आल्या.

मग बायडाबाई. "म्या काय म्हंते, त्यात पयला नमस्कार घाला. एवढा मोठा सायेब हाय, आन् तुम्ही थेट भांडायलाच लागला!" नक्कीच! पहिल्या ओळीत नमस्कार, हात जोडलेल्या चित्रासकट. मग कुणी म्हणालं, 'अन्याय' नको, पेपरात गेलं तर मुलीच्या स्थळाला अडचण. नक्कीच! 'अन्याय' गेला, 'आव्हान' आलं. आणि मी? मी काय वेगळा? दर पावसाळ्याआधी त्याच कचेरीत माझ्या ताडपत्र्या जातात. मीच म्हणालो, "श्रद्धा, ते 'सोडणार नाही' फार ठसठशीत दिसतंय गं. बघ काही सौम्य निघतंय का." ती म्हणाली, "बाबा, मग उरतंय काय?" म्हटलं, उरू दे काही, पण कुणाला दुखवायचं नाही!

शेवटी जे झालं ते ऐका. 'नमस्कार पुणेकर! शहर बदलतंय, आणि आमची आळीही त्याच्यासोबत श्वास घेतेय. रस्ता म्हणजे नुसतं डांबर नाही, रस्ता म्हणजे नातं. या प्रवासात आमचंही एक पाऊल! तुमच्या आळीची आठवण कमेंटमध्ये नक्की सांगा.' खाली हॅशटॅग, मोठ्ठं हृदय, आणि आम्हा सगळ्यांचा हसरा ग्रुप फोटो. रावसाहेब म्हणाले, "आता… बरं वाटतंय." सगळ्यांनाच बरं वाटलं हो. आणि वर त्यांनीच सुचवलं, "सुनावणीलाही हेच जोडा. दोन कागद कशाला? दोन ठिकाणी दोन बोलणी नकोत." जोडलं!

पोस्ट धावली म्हणजे काय, वाघोलीच्या साडूचा फोन आला, "अहो, तुम्ही फेमस झालात!"

सुनावणीला रावसाहेबांसकट आम्ही चौघं व्यापारी गेलो. साहेब सज्जन, उठून उभे राहिले. म्हणाले, "मी स्वतः शेअर केलंय तुमचं." मी म्हटलं, साहेब, पण आमची हरकत आहे. ते चमकले. फाइल उघडली, आमचंच पत्रक काढलं, चष्मा लावून दोनदा वाचलं आणि कागद आमच्यापुढे सरकवला. "दाखवा बरं, यात 'नाही' कुठे आहे?"

आता आम्ही चौघं त्या कागदावर वाकलेलो. घरात हरवलेली किल्ली शोधावी तसं शोधतोय. रावसाहेब म्हणाले, "हे बघा, सापडलं! 'नुसतं डांबर नाही'!" साहेब हसले. आम्हीही हसलो. काय करणार, कुणाला दुखवायचं नाही!

मग एका सकाळी जेसीबी आला. बायडाबाईंचं दुकान पहिलं. सुपं बाहेर काढायलाही वेळ पुरला नाही, मातीत वाजली कडाकडा. आणि बायडाबाई? नुसत्या केरसुण्या एकेक उचलून पदरानं पुसत होत्या. आता कोपऱ्यावर माझ्या ताडपत्रीखाली बसतात, आठवड्यातून एकदा अतिक्रमणाची गाडी ती ताडपत्री घेऊन जाते, मी दुसरी देतो. आता देण्यासारख्याही फार उरल्या नाहीत.

आणि माझ्या दुकानाची पाळी आली त्या दिवशी… सत्कार! माझा! 'सहकार्य करणारे आदर्श व्यापारी' म्हणून. शाल, श्रीफळ, मोबाइल रोखलेले. साहेबांनी माईक हातात दिला, "दोन शब्द बोला." म्हटलं, हीच वेळ! एआय नाही, रावसाहेब नाहीत, माझं तोंड आणि माझा शब्द. बायडाबाई समोरून बघतायत. घसा खाकरला. मागे जेसीबी गुरगुरतोय, शटर वाकतंय… आणि तोंडातून काय निघावं?

"सगळ्यांनी चहा घेऊनच जायचं हं!"

थांबलं कुणी नाही म्हणा. जेसीबीवाला तेवढा थांबला, बिचारा. त्याला काय दोष द्यायचा? दुकानात बसा म्हणालो, तर त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं… आणि उभ्यानंच प्यायला.