एकशेवीसच्या वर न्हाय

मी रेवदंड्याची, कोळ्याची पोर, बा माझा तांडेल, जन्म होडी चालवण्यात गेला त्याचा, आये सुकी मासळी विकायची, आन् मी, काय सांगू तुम्हाला, मी डब्याचं सॉफ्टवेअर लिहिते. होडीवर बसवायचा डबा. आसपासच्या होड्यांवर तसलेच डबे असतात, त्यांचे सिग्नल पकडून पडद्यावर होड्या दाखवतो, कुणी फार जवळ आली तर बोंबलतो. आयेला अजून माझं काम सांगता येत न्हाय, ती बोलते पोर कंपूटरमध्ये हाय, बस.

तर त्या डब्यात एक आकडा असतो, जास्तीत जास्त किती होड्या ध्यानात ठेवायच्या तो. डबा होडीवर गेला की बदलता येत न्हाय, सॉफ्टवेअर बिल्ड करतानाच, म्हंजे डब्यात घालायला तयार करतानाच, भरायचा. आकडा भरायची जागा मी ठेवली, पण कुठून कुठपर्यंत भरायचा त्याला कुंपण घातलं न्हाय. वाटलं, भरणारा शहाणा असंल. ही चूक माझी, दुसऱ्या कुणाची न्हाय.

ऑफिसात आमच्या साहेबांनी हजार भरला. का, तर जाहिरातीत हजार शोभतो. बिल्ड झाला, कशानं अडला न्हाय. मी डबा गावी आणला, धाकट्या भावाच्या होडीवर बसवला, धक्क्यावर तपासला, दहा-बारा होड्या झ्याक दाखवल्या. पण तवा ओहोटी होती हो! होड्या चिखलात बसलेल्या, इंजिनं बंद, डबे बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीला सगळ्या एकदम सुटल्या, कारण खाडीचं तोंड तेवढ्याच वेळात पार करायचं असतं, आन् डब्याला हजार होड्यांची मेमरी कुठली, दीडशेलाच संपली आन् पडदा गोठला. पार बंद पडला असता तर भावानं डोळ्यानं बघितलं असतं. पडदा आपला मघाच्याच होड्या दाखवत बसला, उजवीकडं मोकळं दाखवलं, थंडीतलं धुकं, भाऊ वळला उजवीकडं. दोन होड्यांच्या मधी त्याचा हात सापडला. दोन बोटं गेली.

बा काय बोल्ला ठाऊक हाय? कोळ्याची पोर तू, आन् ओहोटीला होड्या मोजतेस? तिथं रडले न्हाय मी. घरी येऊन रडले, लय रडले.

मंग भरतीला धक्क्यावर जायला लागले, रोज, बा बरोबर. तो बोल्ला, लांबची होडी कशाला धरून ठेवतेस, तुला धडकंल ती धर. व्हय की! धडकण्याएवढ्या जवळ ऐंशीच्या वर कधी आल्या न्हाईत. म्हणून खालची हद्द ऐंशी, आन् डब्याला झेपंल अशी वरची एकशेवीस. डबा चालू होतानाच सगळी मेमरी अडवून ठेवायची, जास्त होड्या आल्या तर लांबच्या सोडायच्या. या हद्दीबाहेरचा आकडा भरलात तर बिल्ड होणारच न्हाय.

साहेब बोल्ले, कुंपण काढ, दुसऱ्या कंपनीचा हजार हाय. मी बोल्ले, न्हाय. ते बोल्ले, बरं, बिल्ड अडवू नको, नुसती सूचना दे. मी बोल्ले, सूचना कोण वाचतंय, तुम्ही वाचता? मंग बोल्ले, नोकरी नको झाली का तुला? माझं डोकं फिरलं. भावाला व्हिडिओ कॉल लावला, मोबाईल साहेबांच्या तोंडासमोर धरला, मी बोल्ले, याला सांगा हजार. भावाला बिचाऱ्याला काय ठाऊक, मोठे साहेब दिसले म्हणून त्यानं रामराम करायला हात वर केला. तोच हात. साहेब मोबाईल बाजूला सारून निघून गेले.

त्यावरनं माझ्याशी धड बोलत न्हाईत. न बोलोत. उद्या काढून टाकतील, टाकोत, घर चालवायला आयेची मासळीची पाटी हाय की. पण मी हाय तवर कुंपण हाय, आन् आकड्याच्या शेजारी मी मराठीत लिहून ठेवलंय, बदलायचा असंल तर आधी रेवदंड्याला या, भरतीला उभे राहा आन् मोजा. भाऊ परत जातोय समुद्रावर, तीन बोटांनी सुकाणू धरतो. त्याला एकवीरा आये सांभाळो. आकडा मी सांभाळते.