यादीच्या खालची ओळ

जय भीम. नमस्कार मंडळी. वहिनी, रमा, आणि पुंडलिकनगरच्या या हॉलमध्ये दाटीवाटीनं बसलेले तुम्ही सगळे.

मी शुभांगी. वाळूजच्या कारखान्यात, कॉम्प्युटर विभागात, प्रकाशदादांच्या शेजारच्या खुर्चीवर मी सहा वर्षं बसले. आज बोलायचं नाही असं ठरवून आले होते. पण वहिनींनीच माझं नाव दिलं. आता माइक हातात आहे आणि लिहून आणलेलं काहीच नाही.

दादांचं काम काय, हे घरच्यांनाही नीट ठाऊक नसेल. रमा एकदा म्हणाली होती, "पप्पा थंडगार खोलीत बसून याद्या काढतात." खरंच होतं ते. आमच्याकडं एक मोठा सर्व्हर आहे. त्याच्या पोटात वीसेक कॉम्प्युटर चालतात. हाताला लागत नाहीत, पण काम खऱ्यासारखंच करतात. कुणात जुनी विंडोज, कुणात नवी, कुणात लिनक्स. दादा त्यांना पाहुणे म्हणायचे. सर्व्हर बदलला की त्यावर कोणते पाहुणे चालतील, हेही बदलतं. म्हणून दादांनी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची चिठ्ठी, लिहिली होती. ती थेट सर्व्हरलाच विचारायची आणि यादी काढायची. दादा ती छापायचे, खिशातली पेन्सिल काढायचे, आणि आपला एकेक पाहुणा त्यात शोधून टिक करायचे. दर सोमवारी. बदल असो, नसो.

मी हसायचे हो. म्हणायचे, "दादा, वेबसाइटवर असतं की सगळं. कागद कशाला नासता?"

ते म्हणायचे, "असंल ना. पण तिथं साऱ्या जगाचं लिहिलंय. आपल्या घरात कोण मावतंय, ते आपल्याच घराला इचारावं लागतं, ताई."

मागच्या महिन्यात नवा सर्व्हर आला. त्या दिवशी दादा अर्ध्या दिवसाच्या रजेवर होते. घरचं काम आहे, एवढंच सांगितलेलं. मला वाटलं, ते येईपर्यंत आपण करून दाखवू. सुट्या भागांची मापं तपासणारा एक जुना पाहुणा होता. त्याच्याशिवाय माल गेटाबाहेर जात नाही. मी वेबसाइट बघितली. नाव होतं. हलवला त्याला नव्या सर्व्हरवर.

तो उठलाच नाही. मी बघितलेलं पान सर्व्हरच्या वेगळ्याच आवृत्तीचं होतं. स्क्रिप्ट चालवायला एक मिनिट लागतं. एक मिनिट! मी ते दिलं नाही.

मी ऑफिसच्या लँडलाइनवरून दादांना फोन लावला. अर्ध्या तासात दादा आले. हातात हेल्मेट, शर्ट घामानं भिजलेला. मला वाटलं, ऊन आहे. पाणी मागितलं, बसले, स्क्रिप्ट चालवली. यादी आली. नाव नव्हतं. रागावले नाहीत. म्हणाले, "नाय ना नाव? मग कितीबी ढकल, उठणार नाय." मग स्वतः ठेवलेल्या कॉपीवरून त्याला जुन्या सर्व्हरवर परत उभा केला. दोन तास लागले. नंतर माझ्यासोबत चहा प्यायले. वर मलाच म्हणाले, "होतं. लई मनाला लावून घेऊ नको."

आठ दिवसांनी दादा गेले.

तिसऱ्या दिवशी मी घरी आले, तेव्हा वहिनी, तुम्ही माझा हात धरून सांगितलंत. छातीच्या डॉक्टरची अकराची वेळ होती. फोन आला आणि हे दवाखान्याच्या दारातून माघारी फिरले. पुढच्या आठवड्यात दाखवू म्हणाले. तुम्ही रडत म्हणालात, "ऑफिसातून कुणाचा फोन व्हता, काय माहीत."

मला माहीत होतं. मी नुसता तुमचा हात धरून बसले.

त्या दिवशी दाखवलं असतं तर? मी डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही म्हणाले. मग कुणाला विचारू मी? कोण सांगेल मला?

परवाच्या सोमवारी मी स्क्रिप्ट चालवली. छापली. पेन्सिल घेतली. यादीच्या खाली एक ओळ येते. सहा वर्षं येते, मी कधी वाचली नव्हती. "नाव यादीत नसेल तर हात लावू नका. प्रकाशला फोन करा." खाली दादांचा नंबर.

आणि मी लावला, मंडळी. काय झालं मला, सांगता येत नाही. हातानं आपोआप लावला.

वहिनी, तुम्ही उचललात. "हॅलो, कोण बोलतंय?" दोनदा विचारलंत. मी ठेवून दिला.

मीच होते. परवाही मीच होते, आणि त्या दिवशीही मीच.

माफी मागायचं तोंड नाही मला. दादा, तुम्ही बनवलेली यादी दर सोमवारी निघेल. एवढंच येतं मला.

आता आपण सगळे उभं राहू या. किती वेळ, ते मी सांगणार नाही. वहिनी बसा म्हणतील, तोवर.