आईच्या दगडावरचं नाव

गाडी बायको चालवायची; ती गेल्यापासून मी बसनेच फिरतो. दुबईत अल कुसैसच्या बसस्टँडवर रांगेत माझ्यापुढे दोन भाऊ होते. धाकटा अजमानला मार्बलच्या कारखान्यात दगड कोरतो.

"नीलेशदादा, शुक्रवारी गावी निघतोय. आईच्या आठवणीचा दगड विहिरीपाशी लावायचा, पण त्यावर कोरू काय?"

"त्या स्वीडिश साहेबाला काय कोरून दिलंस?"

"त्यांच्याकडच्या हजार वर्षं जुन्या दगडाची नक्कल. मोठा नाग, त्याच्या अंगावर अक्षरं. आधी दगड लावणाऱ्याचं नाव, मग गेलेल्याचं."

"नाग नको हं, लोक दूध ओततील! पण नावांचं बरोबर आहे. भिकाजीने हा दगड कृष्णाबाईसाठी लावला."

"बाबांनी जन्मात आईचं नाव घेतलंय का? कायम 'नीलेशची आई'!"

"मग तसंच कोर. माझंही नाव लागेल."

"गप बस. त्यांनाच विचारतो... हॅलो, बाबा? आईच्या दगडावर तुमच्या नावानंतर तिचं काय नाव कोरू?"

फोन स्पीकरवर होता.

"कृष्णा."

"कृष्णाबाई ना?"

"बाई ती गावासाठी होती. दगड मी लावतोय. नुसतं कृष्णा कोर."