पडद्यावरचं हसू

मंडळी, आज एकच सवाल! आपल्या तोंडावरचं हसू कुणाच्या मालकीचं? ज्याचा चेहरा, त्याचं? की समोरून बघणाऱ्याचं? पेटीवाले, तुम्ही सूर धरा, मी उत्तर शोधतो!

तर ऐका! सांगलीत एक विद्याधर. काम काय? सिनेमासाठी कॉम्प्युटरवर माणसं घडवायची! ब्रह्मदेवाचाच धंदा — फक्त ब्रह्मदेवाची वीज जात नाही!

एकदा भाजी निवडता निवडता त्याची आई, यमुनाक्का, म्हणाली, "विद्या, तुझे बाबा गेले, त्यांचा चेहरा आठवतो रे. पण हसणं... निसटलं बघ."

फोटो होते. पण त्या काळचे फोटो! 'हलू नका' म्हटल्यावर माणसं स्वतःच्या लग्नातसुद्धा सुतकी दिसायची!

"आई, मी आणतो बाबांचं हसू!"

आता या धंद्यात एक रीत आहे. टेबलावर आरसा ठेवायचा. जो भाव हवा, तो आधी आपण करायचा — गाल कुठं चढला, रेघ कुठं उमटली — मग तसंच पडद्यावर. वडील गेल्यापासून हा गडी हसलाच नव्हता! आता आरशापुढं एकटाच हसतोय! शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "विद्याधरराव, घरी कळवू का?"

आणि एका संध्याकाळी, मंडळी... पडद्यावर आधी नुसतं धुकं. धुक्यातून कपाळ वर आलं, तळ्यातून चंद्र यावा तसं. डोळ्यांत ओल आली. ओठ हलले... आणि बाबा हसले!

आईला मुद्दाम ऑफिसात बोलावलं होतं; यमुनाक्का बघतायत. मग हळूच —

"हे त्यांचं नव्हे रे."

विद्याधरचं तोंड एवढंसं! "कुठं चुकलं? परत करतो!"

"अरे, डावी भुवई आधी उडते, ही तुझी खोड! हे तुझं हसू आहे. किती दिवसांनी बघितलं मी!"

"आणि बाबांचं?"

"राहू दे निसटलेलं. ते बंद कर. माझ्याकडं बघून हस."

पडदा काळा झाला. विद्याधर वळला — आणि आरशाशिवाय जमेचना! नुसतेच दात!

"भुवई, मेल्या, भुवई!" आईच आधी फसकन हसली. मग तोही. दोघंही डोळे पुसत हसतायत!

मिळालं उत्तर? हसू सांभाळतो आपण, पण ते असतं समोरच्याचं!

आणि तुम्ही? कपाळावर आठी ठेवून फोनवर पिवळे हसरे चेहरे पाठवता! आज घरी जा. दार उघडेल त्याच्याकडं बघून हसा. तो घाबरला — तर समजा, त्याचं हसू फार दिवस अडवून ठेवलं होतंत!