हौसगल्लीतून हरवलेल्या महानंदाबाई

जबाब, दि. १८/०१/२०२६

मी ईश्वर मन्मथ कोरे, वय ६६ वर्षे, व्यवसाय सेवानिवृत्त एस.टी. कंडक्टर, मूळ रा. बार्शी, सध्या रा. मुलीकडे, सात रस्त्याजवळ, सोलापूर.

समक्ष पोलीस ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगतो की, माझी पत्नी महानंदा, वय ६०, ही हरवल्याची खबर मी आज सायंकाळी पाच वाजता दिली होती. ती मिळून आली आहे. हकीकत खालीलप्रमाणे.

आमच्या लग्नाला यंदा चाळीस वर्षे झाली म्हणून मुलगी उत्कर्षा हिने आम्हांस तुळजापूर रस्त्यावरील रंगधारा या करमणूक नगरीत नेले. सोबत नात आरोही, वय ७, होती. नगरीत एका बाजूस पाळणे व पाण्याच्या घसरगुंड्या आहेत. दुसऱ्या बाजूस हौसगल्ली नावाचा लांब रस्ता आहे. त्याच्या दोन्ही अंगांना कपड्यांची, बांगड्यांची, खेळण्यांची दुकाने व खानावळी असून मधोमध गाण्याबजावण्याचे व्यासपीठ आहे. उत्कर्षा व आरोही पाळण्यांकडे गेल्या. आम्ही दोघे हौसगल्लीत राहिलो. पत्नी म्हणाली, गड्ड्याच्या जत्रेसारखंच हाय, फकस्त धूळ न्हाय. तिने चार दुकानांत बांगड्या हातात भरून पाहिल्या व काढून परत दिल्या. मी प्रत्येक दुकानाबाहेर उभा होतो. कंटाळलो नाही.

दोन वाजता आम्ही कडक भाकरी, शेंगाची चटणी व भरली वांगी असे जेवलो. नंतर व्यासपीठासमोरच्या बाकावर बसलो. तेथे सनई व संबळ चालू होते. मला डुलकी लागली. पत्नी ‘आलेच’ असे काही म्हणाली व मी झोपेतच ‘व्हय’ म्हणालो. साडेतीनच्या सुमारास जाग आली तेव्हा ती शेजारी नव्हती. तिचा मोबाईल माझ्याकडील पिशवीत होता, कारण बाहेर पडल्यावर सगळे मीच सांभाळतो.

मी गल्लीचे दोन फेरे मारले. दुकाने पाहिली. बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर उभा राहून नावाने हाक मारली. पत्नीला नावाने हाक मारण्याची मला सवय नाही, त्यामुळे आवाज नीट निघाला नाही.

चार वाजता माहिती खिडकीवर गेलो. तेथील बाईंनी नावाचा पुकारा केला. त्यांनी असेही सांगितले की, अर्ध्या तासापूर्वी साठीच्या एक बाई एका म्हाताऱ्या आजींचा हात धरून फाटकाबाहेर गाडीतळाकडे गेल्या. दोघी कानडीत बोलत होत्या. मी म्हणालो, “ती आमची न्हवं. आमची मराठी बोलते.” असे म्हणून मी पुन्हा गल्लीत शोधत राहिलो. त्यात एक तास गेला. मग उत्कर्षा आरोहीला घेऊन आली व आम्ही फाटकाजवळच्या पोलीस चौकीत खबर दिली.

हवालदार बुद्धप्रिया ढावरे यांनी वर्णन लिहून घेताना बोलण्याची भाषा विचारली. मी मराठी असे सांगितले. त्यावर मुलगी म्हणाली, “बाबा, आई दुधनीची. तिला कानडी येतं की.”

मी म्हणालो की, विसरली असेल, चाळीस वर्षांत मी ऐकलेली नाही.

मुलगी म्हणाली, “तुम्ही ड्युटीवर असलात की मला कानडीतच गाणी म्हणून झोपवायची. जिन्यात तुमची पावलं वाजली की थांबायची.”

येथे नमूद करतो की, लग्नानंतर बार्शीत आमच्या आळीतले लोक तिच्या बोलण्यास हसत. त्यावरून, घरात कानडी बोलायचे नाही, असे तिला सांगण्यात आले. माझ्या आईने नव्हे, मी सांगितले. तिने सहा महिन्यांत मराठी शिकून घेतली. त्यावर आमच्यात कधी वाद झाला नाही. हा मजकूर लिहिण्याची गरज आहे का, असे ढावरे मॅडम यांनी विचारले. मी गरज आहे असे सांगितले.

आम्ही लगेच गाडीतळावर गेलो. पार टोकाला लिंबाखालच्या कट्ट्यावर पत्नी बसलेली होती. तिच्या खांद्याला टेकून एक वृद्ध बाई बसल्या होत्या. त्यांचे नाव अक्कम्मा, वय अंदाजे ८०, रा. कर्नाटकातील इंडीजवळचे एक गाव, असे नंतर समजले. त्यांच्या गावची मंडळी दोन गाड्यांतून आली होती. अक्कम्मा दुसऱ्या गाडीत असतील असे समजून दोन्ही गाड्या निघून गेल्या होत्या. पत्नी त्यांना काही सांगत होती व दोघी हसत होत्या. पत्नीचा आवाज मला आधी ओळखू आला नाही. घरात ती हळू बोलते. हा आवाज मोठा व भरभर होता. मुलगी पुढे निघाली, तिला मी हाताने थांबवले. पाच मिनिटे हाक मारली नाही. कारण विचारता सांगता येत नाही.

मला पाहताच पत्नी बोलायची थांबली. उठून म्हणाली, “तुमाला सांगून आले व्हते की. ह्यांचं बोलणं तितं कुणाला कळंना. लई रडत व्हत्या, हात सोडंनात.”

मी म्हणालो, “बोल तू. थांबू नकोस.”

तिला समजले नाही. मी पुन्हा म्हणालो, “कानडीत बोल. मी बसतो हितं.”

ती परत कट्ट्यावर बसली. मग अक्कम्मांकडे वळून म्हणाली, “अंजब्याड यव्वा, इवरु नम्मवरु.”

मी मुलीला अर्थ विचारला. भिऊ नको आई, हे आपले आहेत, असा अर्थ मुलीने सांगितला. मी कट्ट्यावर बसलो. त्या दोघी बोलत राहिल्या.

सव्वासहा वाजता अक्कम्मांचे पुतणे सिद्धाप्पा गाडी घेऊन परत आले व ढावरे मॅडम यांनी खात्री करून अक्कम्मांना त्यांच्यासोबत पाठवले. पत्नी सुखरूप आहे. माझा कोणावर संशय नाही. हरवल्याची खबर निकाली काढावी.

अक्कम्मांनी पुढच्या रविवारी पत्नीला जेवायला बोलावले आहे. ती जाणार आहे. मीही तिच्यासोबत जाणार आहे. तेथे मला कोणाशी बोलता येणार नाही व पत्नी सांगेल तेवढेच समजेल. त्याबाबत माझी काही तक्रार नाही.

मी बोललो तसा हा जबाब संगणकावर उतरवून पत्नीच्या समक्ष मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे असून खरा आहे.

सही/-
ईश्वर मन्मथ कोरे