खुशालरावच्या मोटारीचा जीव

...अन् वरतून लोकं म्हनतेत का खुशालरावले वेळेची किंमत नाई! घ्या! तुमाले सांगतो, वलगावात कोंबड्याच्या आधी जर कोन उठत असन तं तो हा खुशालराव. पेरनीले पयला, कापूस वेचाले पयला, पंगतीले तं विचारूच नका. मी त्याच्यासंगं चौथीत दोन डाव नापास झालो, तवापासून पाहून रायलो, शाळेतून निंगून जायले बी तो माह्या आधी पोचला. अन् अशा मानसाले अकोल्याचे सूर्यभानजी म्हनतेत का, पाटील, तुमच्या घरी घड्याळ हाय का नाई? आता तुमीच सांगा, याच्यात खुशालरावचं काय चुकलं?

चुकलं असन तं त्या मोटारीचं. त्या साली कापूस असा पिकला का खुशालरावनं अमरावतीच्या एका रिटायर इंजिनेराची काळी विलायती मोटार घेऊन टाकली. जुनी, पन चमक अशी का देवमन तिच्यात पाहून मिशी कातरे. देवमन म्हंजे डायवर. आधी खुशालरावच्याच घरी बैलं हाकत होता, मंग मोटार शिकला, पन ब्रेक दाबतानी तोंडानं 'हो हो' म्हनायची सवय काई गेली नाई.

अन् त्याच साली बेबीताईले अकोल्याचं स्थळ आलं. बेबीताई म्हंजे खुशालरावची एकुलती एक पोरगी, मॅट्रिक झालेली. मुलगा शाळेत मास्तर, अन् मुलाचा बाप हे सूर्यभानजी, कापसाच्या जिनिंगात मॅनेजर, घर बी जिनिंगातच. मुलगा वलगावले येऊन पोरगी पाहून गेला, अन् खोटं कायले सांगू, पोरीनं बी त्याले पाहून घेतला. तवापासून अकोल्याचं नाव निंगालं का ती हातातलं काम सोडून दारापाशी येऊन उभी राहे. खुशालरावले ते दिसे. बापाचं काळीज, काय सांगू तुमाले, त्याले वाटे आपल्या हातानं हे लग्न जमलं तं जलमाचं सार्थक झालं. सूर्यभानजीचा निरोप आला, बोलनी करायले या, इतवारी सकाळी अकराले. अन् त्या मानसाची सारी जिंदगी जिनिंगाच्या भोंग्यावर गेलेली... अकरा म्हंजे अकरा!

निंगालो. पुढं देवमन, मांगं खुशालराव अन् मी. बडनेऱ्यापर्यंत गाडी अशी चालली का पोटातलं पानी हाललं नाई. मंग गाडी जड झाली. देवमन रेस देऊन रायला, गाडी कुथून रायली, जसं काही कोनी मांगून शेपूट धरलं. मंग वास सुटला. मले वाटलं कोनाच्या वावरात कापसाची पऱ्हाटी जळून रायली. पन वावर मांगं गेलं अन् वास संगंच आला! मूर्तिजापूरच्या अलीकडं एक बाभूळ हाय, तिथं गाडी उभीच रायली. देवमननं चाकावर पानी टाकलं तं चर्रर्र! तव्यावर टाकावं तसं. ब्रेक चाकाले धरून बसला, सोडतच नाई. दोन घंटे बाभळीखाली बसलो, चाकं थंडी झाली, अन् गाडी आपल्या मनानं सुटली, जसं काही झालंच नाई. पोचलो दीड वाजता. सूर्यभानजी जेवून झोपले होते. आता सांगा, याच्यात खुशालरावचं काय चुकलं?

गाडी गेली नत्थुजी मिस्त्रीकडं. नत्थुजी अमरावतीचा, गाडी घेतानी यानंच पारखून घरी आनून देली होती, तोंडात बिडी, बोलनं कमी. त्यानं चाकं काढली, ब्रेकाचे पट्टे ढिले केले, ब्रेकाच्या डब्बीत तेल भरलं, बडनेऱ्यापर्यंत पळवून वापस आनली अन् खुशालरावचा हात धरून चाकावर ठेवला. थंडगार! म्हने, धरत होता, आता नाई धरत. गाडी घरी आली, खुशालरावच्या बायकोनं, दुर्गाबाईनं, तिची पूजा केली, नारळ फोडला, अन् दुसऱ्या इतवारी आमी निंगालो. अन् काय सांगू... बाभूळ तीच!

मंग वलगावात जो तो मिस्त्री झाला. कोनी म्हने काळ्या मातीचा चिखल आत वाळून बसला. कोनी म्हने विलायती गाडी हाय, इंग्रज गेल्यापासून तिचं मन लागत नाई. शेजारची पार्वताबाई नाकातून बोलते, तुमाले ठाऊकच हाय: "गाडीले समजते बापा, पोरीचं त्या घरी भलं नाई, म्हनून अडते ते." हे बेबीताईनं ऐकलं अन् ती घरात निंगून गेली. अन् सगळ्यात जास्त बोल बसला देवमनले. म्हने याचा पाय ब्रेकावरच रायते, बैलाच्या पुठ्ठ्यावर ठेवल्यावानी. देवमननं मुलाबाळाची शपथ घेतली, पन डायवरच्या शपथीवर कोन इश्वास ठेवते?

नत्थुजीनं पुन्हा गाडी खोलली. स्प्रिंगा बदलल्या, सारं धुतलं, नवं तेल भरलं, पुन्हा बडनेऱ्याले पळवली, पुन्हा थंडगार. घरी आली, पूजा झाली, नारळ फुटला. अन् तिसऱ्या इतवारी खुशालराव देवमनच्या बाजूले तोंड करून बसला, हातात काठी, नजर त्याच्या पायावर. हुकूम असा का ब्रेक दाबायचा तं आधी विचारायचं! आता तुमी डोळ्यापुढं आना. देवमन म्हने, मालक, पुढं म्हैस हाय, दाबू का? हा विचारे, किती दूर हाय? तो म्हने, आता नाई रायली दूर! मी मांगं डोळे मिटून बसलेलो. अमरावती ते मूर्तिजापूर, भाऊ, मोजून पाच डाव ब्रेक लागला. अन् बाभळीपाशी गाडी गपकन उभी, चाक चर्रर्र! खुशालराव खाली उतरला, काठी फेकली, अन् आपल्या हातानं पान लावून देवमनले देलं. म्हने, तुह्यावर उगीच आळ घेतला गड्या. चुकलं तं कबूल करनारा मानूस हाय तो.

नत्थुजीनं या डावी बिडी विझवली अन् एकच गोठ बोलला: "पाटील, माह्याकडं ही गाडी घोड्यासारखी पळते अन् तुमच्या घरून निंगाली का आजारी पडते. रोग गाडीले नाई. रोग तुमच्या घरी हाय."

असं कोनी तोंडावर म्हनते का? पन म्हनला, अन् ध्यानात ठेवा, लाख मोलाचं बोलला.

तेवढ्यात सूर्यभानजीची चिठ्ठी आली. येत्या इतवारी अकराले या, आमच्या म्हाताऱ्या आईले पोरगी पाहायची हाय, तिलेबी आना. जमलं तं त्याच दिवशी कुंकू लावू, अन् नाई आले तं आमी अंजनगाव सुर्जीची पोरगी पाहायले जातो. चिठ्ठी बेबीताईनंच वाचून दाखवली. वाचली, घडी केली, बापाच्या हातात देली, अन् जात्यावर जाऊन बसली. दळायले काई नव्हतं, तरी जातं फिरवून रायली. खुशालराव त्या दिवशी जेवला नाई.

तुमी म्हनान, मंग रेल्वेनं काहून नाई गेला? तेच तं दुखनं हाय! सूर्यभानजीच्या घरी सांगून बसला होता ना, आमची मोटार हाय म्हनून. तीन डाव उशिरा गेला अन् चौथ्या डावी रेल्वेतून उतरला, तं लोकं म्हनतीन मोटारीची थापच होती. इज्जत हाय का नाई मानसाले?

नत्थुजीनं सारं पुन्हा तपासून देलं अन् म्हनला, मीबी येतो, माह्या डोळ्यानं पाहतो. चौथ्या इतवारी पुढं देवमन अन् नत्थुजी, मांगं खुशालराव, दुर्गाबाई, बेबीताई, अन् कोपऱ्यात चेपलेलो मी. बडनेरा गेलं. सारे नाकं वर करून वास घेऊन रायले. अन् साडेनवाले... बाभूळ!

नत्थुजी गाडीखाली घुसला. चाकामांगं एक बोंडी असते, ती त्यानं ढिली केली तं तेलाची अशी चिळकांडी उडाली का त्याचं तोंड माखलं, अन् चाक सुटलं! चारी चाकाले तेच केलं, चारी सुटले. म्हने, तेल वरतून दाबून रायलं, त्याले वापस जायले वाट नाई. आला वर, देवमनचा पाय बाजूले सारला, बुडातली पत्र्याची झडप उचलली. त्याच्याखाली ब्रेकाच्या तेलाची डब्बी रायते. अन् नत्थुजी पाहतच रायला. मी डोकावलो. भाऊ, डब्बी दिसतच नव्हती, तिथं मारुती होता! नुसते डोळे लावायचे बाकी!

"हे कोनं केलं?"

"मी," दुर्गाबाई म्हने. "गाडी नवी घरी आली तवा तुमीच नाई का म्हनलं, बाई, गाडीचा सारा जीव या डब्बीत हाय? मंग जीव असन तिथं शेंदूर लावू नाई तं काय चाकाले लावू? तुमी दरवेळी पुसून धाडता, मी दरवेळी लावतो. या डावी मुद्दाम जाड लावला, पुसल्या जाऊ नाई म्हनून."

नत्थुजी मटकन खालीच बसला. डब्बीच्या झाकनाले सुईएवढं भोक रायते म्हने, तेल तापलं का फुगते, त्याले तिथून श्वास भेटते. अन् बाईनं शेंदूर कालवला घरच्या जवसाच्या तेलात. "अवो बाई, शेंदूर अन् जवसाचं तेल, हेच कालवून तं आमी पाइपाचे सांधे बुजवतो!" अन् तो दरवेळी कोनीतरी टिळा लावला म्हनून पुसून टाके अन् तेल भरे, म्हनून त्याच्याकडं गाडी पळे. झालं निदान! त्यानं शेंदूर खरवडायले पेचकस काढला, तं दुर्गाबाईनं त्याचा हात धरला. म्हने, देवाले पेचकस लावान तं मी खाली उतरतो. आता? दहा वाजत आले, खुशालराव एकदा बायकोकडं पाहे, एकदा पोरीकडं पाहे, अन् घाम पुसे. आता सांगा, याच्यात त्याचं काय चुकलं?

बेबीताई पुढं सरकली. तिनं पदराची पिन काढली, नत्थुजीले विचारलं, काका, भोक कुठीसा हाय? त्यानं बोट दाखवलं. तिथं पिन सरळ शेंदरात खुपसली.

"आई, मारुतीले श्वास तं घेऊ दे. वाऱ्याचाच लेक होय ना तो?"

फुस्स! दुर्गाबाईनं हात जोडले, मी जोडले, नत्थुजीनंबी जोडले. अन् गाडी सुटली! अशी सुटली का मूर्तिजापूर कवा आलं, बोरगाव कवा गेलं पत्ता नाई. वास नाई, चर्र नाई. खुशालराव गानं म्हनून रायला, त्याले गानं येत नाई तरीबी. अकोला आलं, जिनिंगाचं फाटक आलं, फाटकात सूर्यभानजी हातात घड्याळ घेऊन उभे. अन् देवमननं ब्रेक दाबला.

पाय बुडाले टेकला. ब्रेक नाई! चारी बोंड्यातून तेल सोडलं होतं ना, अन् त्या मारुतीच्या भानगडीत वापस भरायचं राहूनच गेलं! देवमन "हो हो, हो हो" म्हनून रायला, गाडी काही आयकेना. खुशालरावनं सूर्यभानजीसमोरून जाता जाता खिडकीतून हात जोडून नमस्कार केला, अन् आमी सारे कापसाच्या गंजीत!

कोनाले खरचटलं बी नाई. पांढरंच पांढरं. मास्तर धावत आला, त्यानं बाकी कोनाकडं न पाहता आधी बेबीताईले बाहेर काढलं, अन् ती कापसानं भरलेली अशी हासली का मले वाटलं, जमलं. मंग सूर्यभानजी आले. खुशालरावच्या फेट्यावरचा कापूस काढला, घड्याळ पाह्यलं अन् म्हने, "अकराले तीन मिनिटं कमी. वेळेवर आले, व्याही. आता थांबायचंबी शिका."

व्याही म्हनले! खुशालरावच्या डोळ्याले पानी आलं, म्हने कापूस गेला डोळ्यात. त्याच दिवशी कुंकू लागलं, अन् चैतात लग्न झालं.

अन् मोटार? दुर्गाबाई म्हने, ब्रेक नसतानी थांबवली कोनं? मंग! तिनं त्या मारुतीले चांदीचे डोळे बसवले. मोटार आता गोठ्यात हाय, शनिवारी गावातल्या बाया तिच्यावर तेल वाहतेत, रुईची माळ घालतेत, अन् खुशालराव पोरीच्या भेटीले बडनेऱ्यापर्यंत बैलगाडीनं अन् पुढं रेल्वेनं जाते. मी विचारलं, काहून बा? म्हने, जाऊ दे गड्या. बैलाच्या शिंगाले पोळ्याले कितीबी शेंदूर फासला, तरी बैल काई जाम होत नाई.