एका दुपारचे तीन हिवाळे

नाही म्हणजे नाही. अंगठा मी लावणार नाही, ते शाईचं पॅड आधी पिशवीत ठेवा. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे म्हणून मी अडाणी झाले की काय? शाळेची पायरी चढले नाही हे खरं — पण दुकानातनं पुड्या यायच्या ना वर्तमानपत्रात बांधून, त्या सोडून सोडून अक्षरं लावत शिकले, कुणी शिकवायला बसलं नव्हतं. डाव्या हातानं सही करीन, वेडीवाकडी का होईना. पण कशावर करायची ते मी ठरवीन. तुम्ही घरून टाइप करून आणलेल्या कागदावर नाही. ‘माझा मुलगा व सून अत्यंत प्रेमाने व एकोप्याने नांदत आहेत’ — हे मी कधी म्हटलं? आज दारात चपला काढताना तुम्ही माझं तोंड पहिल्यांदा पाहिलंत, आणि मी काय म्हणणार ते आधीच छापून आणलंत.

बसा, रागावू नका. चहा घ्या. तुमचं काम कळतंय मला — नवरा या परक्या देशाचा नागरिक झालेला, बायको लग्न करून आपल्याकडून आलेली, तिला कायमचं राहायचं तर नवऱ्यानं सांगायचं, ही माझी आहे, राहू द्या. सरकार विचारणार, कशावरून? मग तुमच्यासारख्यांनी पुरावे गोळा करायचे. विजेचं बिल दोघांच्या नावावर, बँकेचं खातं दोघांच्या नावावर, आणि वर सासूचं पत्र. इतकी वर्षं या घरात पडदा कुठल्या रंगाचा लावायचा हेसुद्धा सासूला कुणी विचारलं नाही, आता म्हणे सरकारला तिचं मत पाहिजे.

आणि फोटोंवरून मला कशाला बोलता? ते मी काढले? तुम्हीच मुलाला सांगितलंत, तीन वर्षांचे फोटो लागतील, घरच्या माणसांबरोबरचे. त्याच्याकडे एक नव्हता. बायको आहे म्हटल्यावर फोटो काय काढायचा — तिचा काढायचा असता तर मोबाइल काय लांब होता? मग एका रविवारी दुपारी बसून त्यानं तीन वर्षं उरकली. हँगरवर शर्ट काढून ठेवले, कपाटातला जाड कोट काढला, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. सून आत जायची, केस सोडून यायची, पुन्हा जायची, बांधून यायची. उशांचे अभ्रे बदलले. ती कोपऱ्यातली कुंडी दिसते ना, ती एकदा खिडकीत, एकदा टीव्हीजवळ. मला कुणी काही सांगितलं नाही. खुर्ची, कुंडी आणि मी — त्यात कुंडी तरी हलवली. तीन हिवाळे झाले, आणि तिन्ही हिवाळ्यांत म्हातारीचा तोच हात मोडलेला. घरात ते कुणाच्या नजरेला आलं नाही, तुमच्या आलं. हुशार आहात. आता प्लास्टर निघालं की पुन्हा काढायचे म्हणता — काढा, माझं काय जातंय.

शाल? होती की मांडीवर. हात झाकता आला असता, का नसता? नाही झाकला. गरम होत होतं. — तो कोट घालून उभा होता आणि मला गरम होत होतं, बरोबर. सोडा तो विषय.

तुमच्या त्या प्रश्नांचं बघू, ते मी वाचलेत सगळे. स्वयंपाक कोण करतं? सून करते, मी निवडून देते — आता डाव्या हातानं निवडते, त्यात खडा राहतो, ती काही बोलत नाही. कचरा कोण खाली नेतं? ती. आजारपणात कोण काळजी घेतं? ती माझी. तिला ताप आला तेव्हा मी तिची, तेव्हा हात धड होता. जोडीदाराच्या आवडीनिवडी? विचारा मला — कारलं लागतं, दुधाची साय चालत नाही, झोपेत पाय आपटते, आईचा फोन येऊन गेला की भांडी घासायला घेते, घासलेलीसुद्धा. हे त्याला विचारून बघा बरं. एकत्र संसार, एकत्र संसार म्हणून तुम्ही जे रकाने पाडलेत ना बाई, ते सगळे आम्हा दोघी बायकांच्या संसारानं भरतायत. तो या घरात मुक्कामाला येतो. बॅग टेकवतो, जेवतो, पाठ फिरवून झोपतो. खोटं नाही, एका छताखाली राहतात. छताखाली माळ्यावरची सुटकेसही राहते.

आणि तो पुढचा प्रश्न, भांडणं कशी मिटवता? फार छान मिटतात. ती काही बोलली की तो मोबाइल उचलून दाखवतो. एक ईमेल टाकला की झालं, म्हणतो, मी अर्ज मागे घेतो, तू सामान बांध. मिटलं. तिचं तोंड जागच्या जागी बंद. आवाज म्हणून निघत नाही. आमच्या शेजारच्यांना विचारलंत तर तेही सांगतील, फार शांत घर आहे. त्या दिवशी एकदाच ती म्हणाली, टाक ईमेल — बस, एवढंच, त्यावर त्याचा हात उठला, आणि मी मध्ये गेले म्हणून, नाहीतर तिचा —

पेन कशाला खाली ठेवलंत?

बाथरूममध्ये पडले मी. डॉक्टरलाही तेच सांगितलंय. मी नाही, तिनं सांगितलं. मी डोळ्यांनी खुणावलं आणि तिनं सांगितलं. त्याच हातानं मला गाडीत बसवलं होतं त्यानं, तोही उभा होता तिथं, फरशीला शिव्या देत. शालीनं हात नाही झाकला, हो. म्हटलं बघू, कुणी विचारतंय का. मुलानं विचारलं नाही. सून फोटोपुरती हसत होती, माझ्याकडे बघेना. तुम्ही विचारलंत — पण तारखा जुळेनात म्हणून विचारलंत.

काय म्हणालात? पुन्हा सांगा. — नवरा असा असेल तर त्याच्या सहीवाचूनही अर्ज पुढे जातो? त्यानं ईमेल टाकला तरी? आणि साक्षीला घरातलं माणूस असेल तर बळ येतं. हं. घरात माणसं तीन. म्हणजे मी. म्हणजे आईनं मुलाविरुद्ध लिहून द्यायचं, वा. चुलीत घाला तुमचा कायदा. पोटचा आहे तो. नऊ महिने तुम्ही वागवलात? वडील गेले तेव्हा एवढासा होता, लोकांच्या घरच्या फरश्या पुसून वाढवलाय. म्हातारपणी त्याचंच दार आहे मला. सुनेनं शिकवून पाठवलंय का तुम्हाला? शब्द काढला नाही? — नाहीच काढणार. म्हणूनच तर.

आणि एक सांगते, आता बोललेच आहे तर. तिला तो कायमचं राहायचा परवाना मिळाला ना, ती राहणार नाही इथं. मी झोपले असं समजून शेजारी बसून मोबाइलवर बघत होती — खोली भाड्यानं, एका बाईसाठी. वाचता येतं हे माझं दुखणं आहे. म्हणून म्हटलं, अडू दे अर्ज, पडू देत फोटो खोटे, तेवढीच माझ्या उशाशी राहील. ऐकलंत? अशी सासू आहे मी. त्याचा मोबाइल आणि माझं प्लास्टर, दोघं मिळून धरून बसलोय पोरीला. ती गेली की माझ्या वेण्या कोण घालणार, गोळ्या कोण देणार? त्याला माझ्या गोळ्यांचा रंगही सांगता यायचा नाही.

कुलपाचा आवाज. तोच आहे, ती रात्रीशिवाय सुटत नाही कामावरून. उठू नका. कागद कशाला गोळा करताय, बसा म्हणते ना. त्याच्यासमोर नको? मग कुणाच्या समोर?

आलास? बैस. अरे बूट काढ आणि बैस, हातातला मोबाइल ठेव बाजूला. या कागदपत्रांच्या बाई, तूच पाठवल्यास. तुला पाहिजे होतं ते पत्र सांगतेय यांना, आईचं. — घ्या बाई पेन, आणि मी बोलते तसंच लिहा, एक अक्षर बदलू नका: मी याची आई आहे, आणि माझ्या सुनेनं या माणसाजवळ राहू नये.